हातातला हुन्नर आणि हातातला दाखला
(संस्थेच्या पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात बहुधा डॉक्टर, वकील किंवा इंजिनियर यांना बोलावण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. यंदा संयोजकांनी माझ्यासारख्या वीजकाम करणाऱ्या माणसाला व्याख्यानासाठी उभे केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे सत्कार होतात आणि व्हायलाच हवेत. पण ज्याला दहावीला पन्नास-पंचावन्न टक्के पडले आहेत, ज्याचे हात चपळ आहेत, घरातला बंद पडलेला पंखा उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशा मुलाशी मला आज बोलायचे आहे. त्याच्या अब्बांशी आणि अम्मीशीही बोलायचे आहे, कारण निर्णय बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतो.

विषय साधा आहे : शिकाऊ उमेदवारी करून रीतसर वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, कसे व्हावे. मी स्वतः याच वाटेने आलो. आय.टी.आय., मग एक वर्ष शिकाऊ उमेदवार, मग परवाना, आणि पुढे पर्यवेक्षक. तेव्हा जे सांगणार आहे ते अनुभवाचे आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या समाजात हुन्नराची कमतरता कधीच नव्हती. उस्ताद आणि शागीर्द ही परंपरा आपल्या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गॅरेज, सुतारकाम, विणकाम, वेल्डिंग, वीजकाम, कोठेही जा, आपली मुले काम करताना दिसतील. उणीव आहे ती दाखल्याची. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच चित्र दिसले. मुस्लिम कामगारांचा मोठा भाग स्वतःच्या लहानसहान धंद्यात किंवा असंघटित कामात आहे, आणि नियमित पगाराच्या नोकरीत त्याचे प्रमाण कमी आहे. याची कारणे अनेक आहेत आणि सगळी आपल्या हातातली नाहीत. परंतु एक कारण आपल्या हातातले आहे. काम येते, पण ते येते हे सांगणारा कागद जवळ नाही.

येथे कोणी म्हणेल, "कागदाने काय होते? आमचा मुलगा दुकानात दोन वर्षे बसला, त्याला सगळे वायरिंग येते. दिवा तर लागतोच ना?"

पालकहो, वीजकामाची खरी अडचण हीच आहे. काम बरोबर केले तरी दिवा लागतो आणि चुकीचे केले तरी दिवा लागतो. शिंप्याने बाही वाकडी शिवली तर ती लगेच दिसते. सुताराचे दार बसले नाही तर ते अडते. विजेच्या कामातली चूक भिंतीच्या आत गप्प बसून राहते, आणि पाच वर्षांनी एखाद्या पावसाळी रात्री बाहेर येते.

तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण बटणाचे. बटण नेहमी फेजच्या तारेत लावायचे असते. ते न्यूट्रलच्या तारेत लावले तरी बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि बंद केल्यावर विझतो. घरमालक खूश होतो. पण दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. बटण बंद आहे या भरवशावर घरातली बाई स्टुलावर चढून दिवा बदलायला जाते आणि तिला धक्का बसतो.

दुसरे उदाहरण तारेच्या जाडीचे. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला दिव्याची बारीक तार जोडली तरी पाणी तापते. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बारीक तारेचे आवरण हळूहळू कडक होते, तडकते, आणि एक दिवस पेट घेते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत. फ्यूज उडणे हे दुखणे नव्हे, ती सूचना आहे. सूचना देणाऱ्याचेच तोंड बांधले तर घर वाचवणार कोण?

तिसरे उदाहरण अर्थिंगचे. तीन पिनांच्या सॉकेटला हिरवी तार जोडलीच नाही, तरी फ्रिज चालतो, इस्त्री तापते, धुण्याचे यंत्र फिरते. कोणाला काही कळत नाही. ज्या दिवशी यंत्राच्या आतली तार सैल होऊन पत्र्याला लागते, त्या दिवशी ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या अंगातून प्रवाह जमिनीत जातो. एक अँपिअरचा दहावा भागसुद्धा हृदय थांबवायला पुरेसा होतो. म्हणूनच घरात बसवायचे गळती-रोधक यंत्र, ज्याला आपण आर.सी.सी.बी. म्हणतो, ते ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडेल असे घेतात.

या तिन्ही ठिकाणी काम करणारा मुलगा लबाड नव्हता. त्याच्या उस्तादाने त्याला जेवढे दाखवले तेवढेच त्याने केले. "असे का" हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि केलेले काम तपासून पाहण्याची रीतही कोणी शिकवली नव्हती. प्रमाणपत्राचा खरा अर्थ एवढाच की या मुलाला "का" आणि "तपासले का" हे दोन प्रश्न शिकवले आहेत, आणि त्याची परीक्षा त्रयस्थाने घेतली आहे.

कायद्याचीही हीच भूमिका आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तसे स्पष्ट सांगितले होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले, त्यांतही तत्त्व तेच राहिले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर नवे वायरिंग, वाढीव जोडणी किंवा मोठी दुरुस्ती ही परवानाधारक कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराच्या हातूनच व्हावयास हवी. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. त्याच्या तीन पायऱ्या आहेत : तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि कंत्राटदाराचा परवाना. आपली बहुतेक मुले या शिडीच्या पहिल्या पायरीच्याही खाली उभी राहून काम करतात. पैसा कंत्राटदाराला मिळतो, सही पर्यवेक्षकाची असते, आणि भिंत फोडणारा मुलगा कागदावर कोठेच नसतो.

कागदावर नसण्याची किंमत किती, तेही सांगतो. माझ्या पाहण्यातला एक मुलगा बांधकामावर वायरिंग करताना शिडीवरून पडला. धक्का बसून पडला की तोल जाऊन, हे शेवटपर्यंत ठरले नाही. ठेकेदाराने सांगितले, "हा माझा माणूस नव्हे, आज सहज आला होता." हजेरीपुस्तकात नाव नव्हते, करार नव्हता, काहीच नव्हते. त्या मुलाच्या वडिलांनी इस्पितळाचा खर्च उसने काढून भागवला. मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. तो चांगला कारागीर होता. त्याच्याजवळ फक्त कागद नव्हता.

आता वाट कशी आहे ते पाहू. मित्रांनो, हा भाग वहीत उतरवून घ्या.

दहावी पास व्हा, आणि गणित व विज्ञान हे विषय सोडू नका. आय.टी.आय.मधील वीजतंत्री हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यासाठी गणित-विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असणे जरूर आहे. जो आठवीनंतर अडला आहे त्याच्यासाठी तारतंत्री, म्हणजे वायरमन, हा दोन वर्षांचाच अभ्यासक्रम आहे. प्रवेशाची प्रक्रिया राज्याचे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय चालवते आणि अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाईन भरावे लागतात. आपली कितीतरी मुले गुणांमुळे नव्हे, तर तारीख गेल्यामुळे मागे राहतात. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

दोन वर्षांनंतर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. बरीच मुले येथेच थांबतात. माझे सांगणे आहे की थांबू नका. आय.टी.आय.च्या कार्यशाळेत लाकडी फळीवर केलेले वायरिंग आणि चालू कारखान्यातले पॅनेल यांत फार अंतर आहे. ते अंतर शिकाऊ उमेदवारी भरून काढते.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे. त्याचा गाभा असा की कारखान्याने किंवा आस्थापनेने काही जागा शिकणाऱ्यांसाठी ठेवाव्या, त्यांना काम शिकवावे आणि शिकत असताना विद्यावेतन द्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत तिला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चार ते एकोणतीस माणसांच्या लहान आस्थापनेलाही इच्छा असल्यास घेता येतात. त्याच नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवण्यात आले आणि आय.टी.आय. झालेल्यासाठी ते ७,००० रुपये होते. या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा.

आपल्या राज्यात महावितरण, महापारेषण, रेल्वेची कार्यशाळा, मुंबईचा नौदल डॉकयार्ड आणि माझगाव डॉक येथे वीजतंत्री शिकाऊ उमेदवारांची भरती होत असते. औद्योगिक वसाहतींतले खाजगी कारखानेही घेतात. माझगाव डॉक तर दहावी झालेल्या मुलांनाही वीजतंत्री शिकाऊ म्हणून घेत आले आहे. त्यांना अर्थातच अधिक काळ शिकावे लागते. आय.टी.आय. झालेल्याची उमेदवारी साधारणपणे एका वर्षाची असते. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्राच्या आणि अनुभवाच्या आधारे परवान्यासाठी अर्ज करता येतो.

या काळात आपले हक्क कोणते, हे मुलांनाही माहीत असावे आणि आईवडिलांनाही.

पहिला हक्क कराराचा. उमेदवारी लेखी कराराने सुरू होते आणि तो नोंदवला जातो. मुलगा अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. ती सही डोळे मिटून करू नका. व्यवसाय कोणता लिहिला आहे, मुदत किती आहे, विद्यावेतन किती आहे, या तीन ओळी नक्की वाचा. "वीजतंत्री" असे लिहिलेले नसेल तर वर्षभर हेल्परचे काम करून हाती काही लागणार नाही.

दुसरा हक्क वेळेचा. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ काम करायला लावता येत नाही. तिसरा हक्क भरपाईचा. प्रशिक्षण घेत असताना अपघाताने इजा झाली तर कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईसाठी मालक जबाबदार असतो. आत्ता सांगितलेला तो शिडीवरून पडलेला मुलगा जर करारावर असता, तर ठेकेदाराला "हा माझा माणूस नव्हे" असे म्हणता आले नसते.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उमेदवारी संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच असे नाही. करारात तसे लिहिलेले नसेल तर मालकावर ते बंधन नाही. कोठे कोठे शिकाऊ मुलांना झाडलोट आणि निरोप पोहोचवण्याचे काम दिले जाते, हेही खरे आहे. अशा वेळी कुढत बसू नका आणि सोडून पळू नका. रोज केलेल्या कामाची नोंदवही ठेवा, त्यावर देखरेख करणाऱ्याची सही घ्या, आणि सुधारणा होत नसेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात लेखी कळवा. हे कार्यालय तक्रार ऐकण्यासाठीच आहे.

आता त्या एका वर्षात शिकायचे काय? माझ्या मते शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे सवय. पुस्तकातले ज्ञान डोक्यात असते, पण जीव वाचवते ती हाताची सवय.

कामाला हात घालण्यापूर्वी मेन बंद करा. फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवा, जेणेकरून दुसऱ्या कोणाला तो परत लावता येणार नाही. कारखान्यात हेच काम कुलूप आणि पाटी करतात, आणि त्या कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी लागते. मग पुरवठा खरोखर बंद आहे का ते तपासा. तपासण्याचीही रीत आहे : टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो ठीक आहे याची खात्री करा, मग जेथे काम करायचे आहे तेथे लावा, आणि नंतर पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहा. मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल तर तोही "वीज नाही" असेच सांगेल. आजकाल घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज दुसऱ्या वाटेने तारेत येते. रस्त्यावरच्या लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला एखाद्या दुकानाच्या जनरेटरची उलटी आलेली वीज लागू शकते. हे सारे अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते.

काम संपल्यावरची सवय तितकीच महत्त्वाची आहे. पुरवठा जोडण्यापूर्वी मेगर लावून तारांच्या आवरणाचा रोध मोजणे, अर्थिंगची तार शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का ते पाहणे, प्रत्येक बटण फेजमध्येच आहे ना याची खात्री करणे. ठेकेदाराला घाई असते, घरमालकाला घाई असते. "दिवा लागला, आता चल" असे सगळे म्हणतात. त्या वेळी "आणखी पंधरा मिनिटे थांबा, तपासणी राहिली आहे" असे जो म्हणतो तो वीजतंत्री. दुसऱ्याच्या घराच्या भिंतीत आपण जे गाडून येतो ती एक अमानत आहे. त्या घरातली मुले आपल्या भरवशावर झोपतात.

विद्यार्थी मित्रांनो, शिकाऊ म्हणवून घेण्यात कोणाला कमीपणा वाटत असेल तर त्याने मायकेल फॅरडेचे चरित्र वाचावे. १७९१ साली एका गरीब लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, लंडनच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या करारावर शिकाऊ म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला, आणि ज्ञानकोशातल्या विजेवरच्या लेखाने त्याला वेड लावले. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट लिहून, स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीकडे पाठवली. ते काम पाहून पुढच्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा मिळाली. १८३१ मध्ये त्याने जो शोध लावला त्याच्या आधारावर आजही जगातली जनित्रे आणि रोहित्रे चालतात. प्रत्येक शिकाऊ मुलगा फॅरडे होणार नाही. परंतु जे काम हातात आहे ते समजून घेऊन नेटके करण्याची त्याची रीत प्रत्येकाला उचलता येईल.

आपल्या कोकणातली आणि इतर भागातली पुष्कळ माणसे आखातात जातात, म्हणून त्याविषयी थोडे. दहावी पास असलेल्याच्या पारपत्रावर परदेशगमनाच्या तपासणीची अट राहत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेची दोन वर्षांची पदविका असणाऱ्यालाही ही सवलत आहे. सौदी अरेबियाने काही व्यवसायांसाठी कौशल्याची परीक्षा घेण्यास भारतात २०२२ च्या अखेरीस सुरुवात केली, आणि त्यांत वीजतंत्री आहे. एकाच विमानातून दोघे जातात, एक "हेल्पर" म्हणून आणि एक "इलेक्ट्रिशियन" म्हणून. एकाच इमारतीत दोघे काम करतात. पण पगारपत्रकावर त्यांच्यात जे अंतर असते ते पुष्कळदा हाताच्या कौशल्याचे नसून सोबत नेलेल्या कागदाचे असते. जाण्याची घाई करणाऱ्या मुलाने तीन वर्षे थांबून हा कागद घेऊन जावे, असे माझे सांगणे आहे.

मुलींच्या पालकांनाही विनंती आहे. हा अभ्यासक्रम मुलींना खुला आहे. पॅनेलची जोडणी, मोटारींचे वायंडिंग, चाचणी-प्रयोगशाळा, नियंत्रण कक्ष येथे ताकदीपेक्षा बारकाई लागते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर-संच बसवण्याची योजना सुरू केली, त्यामुळे या कामाची मागणी वाढली आहे. पण हेही शिकूनच करायचे काम आहे. ऊन असेपर्यंत सौर-पट्टी वीज देतच राहते, तिला बटण नसते. घरातला मेन बंद करून छपरावर निर्धास्त चढणारा अर्धवट कारागीर तेथेच फसतो.

जे तरुण आधीच दुकानात काम करत आहेत, ज्यांचे शाळेचे वय निघून गेले, त्यांनीही निराश होऊ नये. अनुभवाच्या आधारे खाजगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय आहे. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत आधी मिळवलेल्या कौशल्याची तपासणी करून दाखला देण्याचीही व्यवस्था झाली. आपल्या उस्तादाकडून, ज्या ज्या ठिकाणी काम केले तेथून, अनुभवाचे पत्र तारखांसह लिहून घ्या. आज ते सहज मिळेल, दहा वर्षांनी तो माणूस सापडणार नाही. आणि उस्ताद मंडळींनाही माझी विनंती आहे. तुमचे दुकान चार माणसांचे असेल तर तुम्हीही रीतसर शिकाऊ उमेदवार घेऊ शकता. आपल्या शागीर्दाला हुन्नर तर तुम्ही देतच आहात, त्याला नावही द्या.

शेवटी पैशाचा प्रश्न. मला माहीत आहे की हा प्रश्न खरा आहे. दुकानात मुलगा लागला की शनिवारी हातात काही रोकड येते. आय.टी.आय.त गेला तर दोन वर्षे उलट खर्चच होतो, आणि तिसऱ्या वर्षी विद्यावेतन येते तेही पगारापेक्षा कमी. घरात चार तोंडे असताना हा हिशेब अवघड आहे. पण हिशेब तीन वर्षांचा मांडू नका, तीस वर्षांचा मांडा. बिनकागदाचा कारागीर चाळिसाव्या वर्षीही दुसऱ्याच्या परवान्याखाली रोजंदारी करतो. परवाना असलेला त्या वयात स्वतःच्या सहीने काम घेतो, आणि दोन मुलांना रोजी देतो.

आणि ती तीन वर्षे एकट्या बापाने का ओढावी? येथे संस्थेला आणि जमातीला पुष्कळ करता येईल. मी तीन गोष्टी सुचवतो. दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवस शाळेत एक टेबल मांडा, तेथे बसून मुलांचे आय.टी.आय.चे अर्ज कोणीतरी भरून द्यावेत. गरजू मुलाला शिष्यवृत्तीबरोबर पक्कड, पेचकस, टेस्टर, मीटर असा हत्यारांचा संच द्या. तो संच आयुष्यभर त्याच्याजवळ राहील. आणि पुढच्या वर्षीच्या समारंभात गुणवंतांच्या रांगेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या मुलालाही बसवा. त्याच्या गळ्यात हार पडलेला पाहून खालच्या रांगेतल्या दहा मुलांना ही वाट दिसेल.

आपल्या मुलांच्या हातात हुन्नर आहे. त्याला दाखल्याची जोड देणे हे आपले काम आहे. दहावीचा निकाल लागला की अर्जाची तारीख विचारायला शाळेत या.